मुलांच्या हाती माप



वसंत व्याख्यानमालेत माझ्यासारखा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे विषय कामगार चळवळीचा असणार, असे धरूनच आपण आला असाल. संयोजकांचीही तशीच समजूत होती. परंतु मी त्यांना विषय कळविला तो शाळेचा: मुलांना मोजमाप कसे शिकवावे. मी शिक्षक नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, वाचनालयात आणि तडजोडीच्या बैठकांत. अशा माणसाने शिक्षणावर बोलावे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच, की आजवर जी भांडणे घेऊन लोक माझ्याकडे आले, त्यांतली पुष्कळशी मुळात मापाची भांडणे होती.

पाहा ना. ऊसतोड मजुराची मजुरी टनावर ठरते. यंत्रमाग कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पिकावर, म्हणजे त्यात आडवे धागे किती भरले यावर ठरते. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईची मजुरी खणलेल्या मातीच्या घनमीटरावर, हमालाची पोत्यावर, आणि बाकीच्यांची घड्याळावर. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची एक सुटी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. म्हणजे चळवळीच्या अगदी पहिल्या मागण्यांतच काळाचे माप होते. दर वाढावा म्हणून आम्ही मोर्चे काढतो, संप करतो, आणि कधी कधी दर वाढतोही. परंतु त्या दराला ज्या आकड्याने गुणायचे, तो आकडा कोणी काढला आणि कसा काढला, हे उभे राहून पाहणारा माणूस आमच्यात विरळा. तो निरक्षर असतो असे नव्हे. आता तर तो दहावी-बारावी झालेला असतो. तरी तो काट्यापुढे गप्प का उभा राहतो, याचा शोध घेताना मी शाळेपाशी येऊन पोचलो.

प्रथम संस्थेतर्फे 'असर' नावाची पाहणी होत असते. २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची अशी पाहणी झाली. पट्टीच्या शून्यावर टोक जुळवून वस्तू दाखविली, तेव्हा शंभरातल्या सुमारे ८५ जणांनी तिची लांबी बरोबर सांगितली. वस्तू शून्यापासून पुढे सरकवून ठेवली, तेव्हा बरोबर सांगणारे ३९ उरले. २०१७ च्या पाहणीतही ८६ आणि ४० असे जवळजवळ हेच आकडे आले होते. मुले तीच, पट्टी तीच. मग मधली सेहेचाळीस मुले कुठे गेली? माझ्या मते ती मुले पहिल्या वेळीही मोजत नव्हती. वस्तूचे दुसरे टोक जिथे आले तिथला आकडा ती वाचत होती. वाचणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माप म्हणजे टोकावरचा आकडा नव्हे, दोन टोकांमधले अंतर आहे.

कारखान्यातल्या जुन्या फिटरला विचारा. टेपचे टोक वापरून वापरून घासलेले असते, म्हणून बारीक काम असले की तो शून्यावर विसंबत नाही. दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजतो आणि शेवटी दहा वजा करतो. त्याला हे कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नसते, लोखंडाने शिकविलेले असते. तेव्हा शिक्षकांना माझी पहिली सूचना अगदी स्वस्तातली आहे. वर्गातल्या चार पट्ट्यांची पहिली दोन-दोन सेंटिमीटरे कापून टाका आणि त्या तुटक्या पट्ट्यांनी मुलांना वह्या मोजायला सांगा. एक तास गोंधळ होईल. त्या गोंधळातून जे मूल वाट काढील, ते पुन्हा त्या प्रश्नाला फसणार नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांना माप असे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. माझ्या आजीच्या फडताळात मापे एकात एक घालून ठेवलेली असत. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. अर्धे, पाव, अर्धपाव हे अपूर्णांक घरातल्या पोरीला जोंधळे मोजता मोजता हातात बसत. लांबीला बोट होते, वीत होती, हात होता. पण त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. एका बाजारचा शेर दुसऱ्या बाजारच्या शेराशी जुळत नसे, आणि मोठ्या मापाने घेऊन लहान मापाने देणारा सावकार हा काही केवळ नाटकातला नव्हता. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. १९५६ च्या कायद्याने देशभर एकच माप आणले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. पलूसच्या किराणा दुकानातला किलो आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला किलो एकच असला पाहिजे, हे ठरले. गरिबाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली.

परंतु शाळेत त्याचे काय झाले? मोजमापाचा धडा हा रूपांतराच्या उदाहरणांचा धडा झाला. पाच किलोमीटर म्हणजे किती मिलिमीटर, हे मूल शून्ये वाढवून सांगते. पण आपल्या घरापासून एस. टी. स्टँड एक किलोमीटर आहे की तीन, हे त्याला विचारू नका. दुकानातही आता तराजूची दांडी हलताना दिसत नाही, काचेवर तांबडे आकडे दिसतात. आकडा दिसला की आपण मान डोलावतो. म्हणून म्हणतो, की माप मुलांच्या हाती दिले पाहिजे, आणि ते त्यांच्या वयाप्रमाणे दिले पाहिजे.

पहिली-दुसरीच्या मुलाला पट्टी देण्याची घाई करू नये. त्याला आधी तुलना करू द्या. कोणती दोरी लांब, कोणता दगड जड, कोणत्या भांड्यात पाणी अधिक. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवून दिले आहे, की रुंद भांड्यातले पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद भांड्यात ओतले तर पाच वर्षांचे मूल पाणी वाढले असे सांगते. आपण घरी तांब्यातले पाणी उभट बाटलीत ओतून हे पाहू शकता. अशा वेळी मुलाला समजावून सांगण्याच्या भरीस पडू नका. पाणी परत तांब्यात ओतू द्या. दहा वेळा ओतू द्या. त्याच्या मनाची मापे त्याच्या हातांनीच दुरुस्त होतात.

मग विती घ्या. तीन मुलांना एकच बाक वितीने मोजायला लावा. एकाचा भरेल नऊ, दुसऱ्याचा दहा, तिसऱ्याचा अकरा. इथे गुरुजींनी गप्प बसावे. मुलांना भांडू द्यावे. खरे कोणाचे, असा वाद पेटला की मुलेच तोड काढतात: सगळ्यांनी एकाच्याच वितीने मोजायचे, आणि ती वीत पुठ्ठ्यावर कापून ठेवायची. राष्ट्राने १९५६ साली जे केले, ते दुसरीच्या वर्गाने अर्ध्या तासात केलेले असते. ठरलेले माप ही माणसांनी आपसांत केलेली तडजोड आहे, हे ज्या मुलाने अनुभवले, ते मापाला देवाची आज्ञा समजणार नाही.

तिसरी ते पाचवीच्या मुलांनी मापे स्वतः तयार करावीत. कागदाच्या पट्ट्या चिकटवून मीटर करावा. दोन करवंट्या आणि एक दांडी घेऊन तराजू करावा. रिकामा तराजू एका बाजूला झुकतो, मग मुले हलक्या पारड्याला खडा बांधतात. यालाच आपण पासंग म्हणतो. ज्या मुलाने स्वतः पासंग बांधला, ते बाजारात माल पाहण्याआधी तराजू पाहील. एक लिटर पाणी तोलून पाहावे, ते किलोभर भरते. तेच तेलाने करून पाहावे, किलो भरत नाही. का, ते मुलांनाच विचारावे. आणि प्रत्येक वेळी एक नियम पाळावा: आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचे. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत. अंदाज आणि माप यांतले अंतर आठवड्या-आठवड्याला कमी होत जाते की नाही, एवढेच पाहायचे. गवंडी, शिंपी, सराफ यांचा डोळा असाच तयार होतो.

काळही मोजावा. या दिवसांतच अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि पाच-पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पलूसला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते. पण ती घड्याळात बाराला नाहीशी होत नाही, साडेबाराच्या सुमारास होते. मुले म्हणतील, घड्याळ चुकले. घड्याळ चुकलेले नाही. सगळ्या देशाचे घड्याळ पूर्वेकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेले आहे, आणि आपण त्याच्या पुष्कळ पश्चिमेला आहोत. भूगोलाचा सबंध धडा एका काठीने शिकविला.

सहावी ते आठवी हे वय क्षेत्रफळ आणि घनफळाचे. आपल्या भागात जमिनीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, आणि त्याच भागातल्या मुलाला गुंठा म्हणजे नेमका केवढा हे ठाऊक नसते. पूर्वी मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. ती साखळी लांबीला एक आणि रुंदीला एक, म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शाळेच्या मैदानावर सुंभाने ३३ फुटांचा चौरस आखा आणि चुन्याने तो कायमचा दाखवून ठेवा. त्याच्या शेजारी १० मीटरचा चौरस आखा, तो एक आर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि बोलण्यात एकर-गुंठे, असा आपला दुहेरी संसार चालू आहे. गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा, आर नेमका १०० चौरस मीटर. दोन्ही चौरस पायांनी चालून पाहिलेल्या मुलाला वाटणीपत्र वाचताना कोणी सहज बनवू शकणार नाही.

पावसाळ्यात सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि त्यातले पाणी रोज पट्टीने मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, ही गोष्ट कित्येक शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. शाळेचा पत्रा १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर २५ मिलिमीटरच्या पावसात त्यावरून १५०० लिटर पाणी वाहून जाते. हा हिशेब मुलांनी एकदा केला, की पत्र्याला पन्हळ का लावली नाही, असे तीच विचारू लागतात.

आता मी माझ्या धंद्यातले उदाहरण सांगतो. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. तशा कामावर खड्डा खणला जातो, मग टेप लावून त्याची लांबी, रुंदी आणि खोली लिहिली जाते, आणि त्यावरून मजुरी निघते. समजा, खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे. माती झाली ३ घनमीटर. मोजणाऱ्याने प्रत्येक माप फक्त दहा सेंटिमीटर कमी धरले. मुद्दाम म्हणा, की टेप सैल होता म्हणून म्हणा. २.९ गुणिले १.९ गुणिले ०.४. माती झाली २.२ घनमीटर. शंभर रुपयांच्या कामाचे ७३ रुपये हातात पडले. चार बोटांचे अंतर कोणाला दिसत नाही, आणि पाव हिश्शाहून अधिक मजुरी गेली. हे गणित फळ्यावर केले तर मूल विसरेल. मैदानात खड्डा खणवा, दोन गटांना दोन वेगळ्या तऱ्हांनी टेप धरायला लावा, आणि उत्तरे शेजारी शेजारी लिहा. ते मूल जन्मभर टेपाचे दुसरे टोक कोण धरतो आहे तिकडे पाहील.

नववी-दहावीच्या मुलांनी मापावर शंका घ्यायला शिकावे. एकच वस्तू तीनदा मोजली तर तीन उत्तरे येतात. ती खोडून एक करू नयेत, तिन्ही लिहावीत. किती फरक चालेल, हा खरा प्रश्न आहे. दाराच्या चौकटीत दोन मिलिमीटर चालतात, पंपाच्या दांड्यात चालत नाहीत. इथून जवळच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर केले. झिजलेला फाळ काढून नवा आणला की तो आपल्या नांगराला बसतो, यामागे दोन्ही मापे जुळविणारा कोणीतरी कामगार असतो. आपल्या तालुक्यात असे कामगार घरोघरी आहेत. एखाद्या शनिवारी त्यांतल्या एकाला व्हर्नियर घेऊन शाळेत बोलवा. मुलांना आपल्या केसाची जाडी मोजायची असेल तर मायक्रोमीटरही आणायला सांगा.

इलेक्ट्रॉनिक काट्याचीही परीक्षा मुलांनी घ्यावी. माल ठेवण्याआधी शून्य दिसते काय? तेच वजन मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत ठेवले तर आकडा तोच राहतो काय? दोन वस्तू वेगवेगळ्या आणि मग एकत्र तोलल्या तर बेरीज जुळते काय? काट्यावर वैधमापन खात्याची यंदाची मोहोर आहे काय? अशा काट्यांची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते, हे किती ग्राहकांना माहीत आहे? उसाच्या वजनकाट्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते. यातले एक माप जरी इकडचे तिकडे झाले, तर शेतकऱ्याचे जाते आणि तोडणी मजुराचेही जाते. बांधावर ज्यांचे पटत नाही, ते दोघे काट्यावर एकाच बाजूला उभे असतात. हे त्यांच्या मुलांना शाळेतच समजले, तर माझ्यासारख्याचे निम्मे काम हलके होईल.

आणखी एक माप आपल्याला टाळता येणार नाही. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट झाले, हे आपण कानांत प्राण आणून ऐकतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळिसाला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळने त्या पुरात जे गमावले, ते या सभेत कोणाला सांगायला नको. परंतु पुलावरचा आकडा आणि आपल्या घराचा उंबरठा यांचा संबंध काय, हे किती घरांना माहीत आहे? भिलवडी, अंकलखोप, आमणापूर इकडच्या मुलांना हे मोजता येईल. गवंड्याजवळची पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यात पाणी भरायचे. दोन्ही टोकांचे पाणी नेहमी एका पातळीत राहते. २०१९ च्या पुराची रेघ ज्या भिंतीवर आहे तिथे एक टोक धरायचे आणि ती पातळी घरोघर पुढे न्यायची. कोणाचा उंबरठा त्या रेघेच्या किती खाली, कोणाचा किती वर, याची यादी नववीचा वर्ग दिवाळीच्या सुटीत करू शकेल. ती शाळेत आणि ग्रामपंचायतीत टांगावी. पुढच्या वेळी पाणी चढू लागले, की आधी कोणी निघायचे हे त्या यादीवरून कळेल.

यावर शिक्षक मंडळी म्हणतील, की अभ्यासक्रम संपवायचा कधी? त्यांची अडचण खरी आहे. वर्गात साठ मुले, परीक्षा डोक्यावर, आणि वर नाना तऱ्हेची सरकारी कामे. पण जे मूल दुसरीत ओतून पाहते, त्याला पाचवीत लिटर शिकवायला चार दिवस लागत नाहीत. पुढे वाचतो तो वेळ आधी दिलेल्या वेळाहून जास्त असतो. खर्चाचे म्हणाल, तर सुंभ, करवंट्या, पुठ्ठा, नळी आणि एक चांगला टेप एवढेच लागते.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो, आणि तो मला अधिक बोचतो. हे हाताचे शिक्षण कामगारांच्या पोरांना ठीक आहे, आमच्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखली, तेव्हाही असेच म्हटले गेले. पण डॉक्टर करतो काय? नाडी मोजतो, ताप मोजतो, आणि औषध वजनाप्रमाणे ठरवितो. पाच मिलिलिटर लिहिले असताना घरात हाती लागेल त्या चमच्याने तान्ह्या बाळाला औषध पाजले जाते. कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडले आणि त्यांनीच १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. हात आणि डोके यांची फारकत त्यांनी मानली नाही. त्यांच्याच मुलखात राहून आपण ती मानावी, हे बरे नव्हे.

मुलींविषयी दोन शब्द बोलून संपवितो. घरात माप मुलींच्या हाती असते आणि व्यवहारात ते मुलांच्या हाती जाते, असा आपला रिवाज आहे. भात टाकताना पाण्याचा अचूक अंदाज करणारी मुलगी जमिनीच्या मोजणीच्या वेळी आत चहा करीत असते. म्हणून शाळेत टेपाचे एक टोक मुलीच्या हातात असलेच पाहिजे, आणि शक्य तर शून्याचे टोक.

पलूसच्या शाळांना माझी विनंती एवढीच आहे. या जूनमध्ये शाळा उघडली, की मैदानावर एक गुंठा आणि एक आर आखा, भिंतीवर एक मीटर रंगवा, आणि उघड्यावर पावसाचा डबा ठेवा. महिन्यातला एक शनिवार मोजण्यासाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी गावातला गवंडी, सुतार, शिंपी किंवा फिटर यांच्यापैकी एकाला वर्गात मानाने बोलवा. आमची संघटना टेप पुरवील, आणि खड्डा खणायला माणसेही पाठवील. तो खड्डा मोजायचे काम मात्र मुलांचे.